दारं धरणारा पापुद्रा

चिमट्यात धरला की तो थरथरतो. रंग चांदीसारखा, पण जरा राखेकडे झुकलेला. जाडी २५ मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसाच्या निम्म्याहूनही कमी. एक चौरस सेंटिमीटरचा तुकडा काट्यावर ठेवला तर ३० मिलिग्रॅम भरतो, तांदळाच्या एखाद्या जाड दाण्याएवढा. खिडकीसमोर धरून कितीही निरखा, आरपार काही दिसत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तरी एक भोक सापडत नाही, आणि सापडलं तर तो पापुद्रा बाद. अंगात एकही भोक नसलेला हा पॅलेडियमचा पापुद्रा जगातल्या सगळ्यात काटेकोर चाळण्यांपैकी एक आहे. हायड्रोजन तेवढा पलीकडे जातो. बाकीचे सगळे अलीकडे राहतात.

माझं बालपण अंकुशनगरला गेलं. अंबड तालुक्यात महाकाळ्याजवळ समर्थ सहकारी साखर कारखाना आहे. त्याच्याभोवती वसलेल्या या वस्तीला अंकुशराव टोपे यांचं नाव आहे. आमचं घर कॉलनीत होतं, माझे वडील, आण्णा, पॅन हाउसला म्हणजे पाक आटवून साखरेचा दाणा धरवतात त्या विभागात होते. त्यामुळे चाळण्या मी लहानपणापासून पाहिल्या. आईची पिठाची चाळणी, रसातला बारीक चोथा अडवणारी जाळी, आणि सेंट्रिफ्युगल मशीनच्या ड्रमची जाळी. ते मशीन गरगर फिरलं की मळी जाळीतून बाहेर फेकली जाते आणि साखर आत उरते. या सगळ्या चाळण्यांचा कायदा एकच: भोकापेक्षा मोठं असेल ते अडतं, बारीक असेल ते जातं.

पापुद्र्याला हा कायदा लागू नाही. हेलियमचा अणू हायड्रोजनच्या रेणूपेक्षा अंगानं बारीक असतो. तरी पापुद्रा त्याला आत घेत नाही. पापुद्रा सलग आहे की कुठे फुटलाय हे तपासायचं तर एका बाजूला हेलियम भरतात आणि दुसऱ्या बाजूला तो येतो का ते पाहतात. आला तर पापुद्रा फाटका. याच्या दारात आकाराला किंमत नाही, नात्याला आहे.

हे नातं समजायला मला आमच्याकडचा एक शब्द फार उपयोगी पडला. जायकवाडीच्या डाव्या कालव्याला आवर्तन सुटलं की आमच्याकडची माणसं रात्री-अपरात्री उसाला ‘दारं धरायला’ जातात. पाटातून पाणी येत असतं. एका सरीचं तोंड फोडायचं, ती भरत आली की तोंड मातीनं बुजवायचं आणि पुढच्या सरीचं फोडायचं. हातात खोरं, पायाखाली चिखल, डोळ्यांवर झोप. बोलताना आपण ‘धरणं’ म्हणतो, पण त्या कामात सोडणंही तेवढंच असतं. नुसतंच धरून ठेवलं तर सरी फुटते, रान चिबडतं. नुसतंच सोडून दिलं तर पाणी ओढ्याला जातं. पैठणचं जायकवाडी हे याच कामाचं मोठं रूप, आणि त्यालाही आपण धरणच म्हणतो. हा पापुद्राही त्याच जातीचा आहे. तो दारं धरतो.

कसं, ते सांगते. हायड्रोजनचे अणू जगात एकटे हिंडत नाहीत, जोडीनं असतात. अशी जोडी पॅलेडियमच्या पृष्ठभागावर येऊन टेकली की ती फार कष्ट न पडता सुटते. दोघे वेगळे होतात आणि एकेकटे धातूच्या अंगात शिरतात. आत पॅलेडियमचे अणू सरळ रांगांत मांडलेले असतात. सहा अणूंच्या मधे एक पोकळी असते, तिथे हायड्रोजन बसतो. बसतो म्हणजे क्षणभर टेकतो. तीन अणूंच्या त्रिकोणी खिंडीतून चौघांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत आणि तिथून पुन्हा पुढच्या सहा जणांच्या पोकळीत, अशा त्याच्या उड्या चालू असतात. चारशे अंश सेल्सिअसला एकेक अणू सेकंदाला अब्जावधी उड्या मारतो. २५ मायक्रॉन जाडी म्हणजे अणूंचे लाखभर थर. ते ओलांडून पलीकडच्या पृष्ठभागावर आला की त्याला दुसरा कुणी हायड्रोजन भेटतो. दोघांची जोडी जमते आणि रेणू होऊन ते निघून जातात. आत शिरताना तुटायची आणि बाहेर पडताना जुळायची तयारी असेल त्यालाच हा पापुद्रा वाट देतो. कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजन, मिथेन यांना धातूच्या अंगातून अशी वाट नाही.

म्हणून पलीकडे जे जमा होतं ते जवळजवळ निव्वळ हायड्रोजन असतं, ९९.९९९९ टक्क्यांच्या घरातलं. दाब आणि मुरणं यांचा हिशेबही या जोडी तुटण्यातूनच येतो. दाब चौपट केला की धातूत मुरलेला हायड्रोजन दुपटीनंच वाढतो, कारण एका रेणूतून दोन अणू निघतात आणि नियमात वर्गमूळ येतं. हा नियम जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ सीवर्ट्स यांच्या नावानं ओळखला जातो. जोडी आत जाताना तुटते याची पावती त्या वर्गमूळात आहे.

या पापुद्र्याचं घराणं जुनं आहे. पॅलेडियम विल्यम वॉलस्टन यांना १८०२ साली प्लॅटिनमच्या खनिजात सापडलं. त्याच वर्षी आकाशात सापडलेल्या पॅलस या लघुग्रहावरून त्यांनी धातूचं नाव ठेवलं. आधी त्यांनी आपलं नाव गुप्त ठेवून लंडनच्या एका दुकानात हा धातू विकायला ठेवला होता. पण त्याचा स्वभाव ओळखला तो थॉमस ग्रॅहम यांनी. पेशानं रसायनशास्त्रज्ञ असलेले ग्रॅहम तेव्हा लंडनच्या सरकारी टांकसाळीचे प्रमुख होते. पॅलेडियम स्वतःच्या आकारमानाच्या सुमारे ९०० पट हायड्रोजन पोटात घेतं, हे त्यांनी १८६६ च्या सुमारास मोजलं. घागरभर धातूनं नऊशे घागरी वायू प्यावा, तसं हे होतं. ते पाहून ग्रॅहम इतके थक्क झाले की हायड्रोजन हाही आत गेल्यावर एक धातूच होतो असं त्यांना वाटलं, आणि त्याला त्यांनी ‘हायड्रोजेनियम’ म्हटलं. नाव टिकलं नाही. पण धातूला तहान असते ही गोष्ट तिथून पुढे विसरली गेली नाही.

या तहानेतच त्याचा दोष आहे. हायड्रोजन पिऊन पॅलेडियम फुगतं. सुमारे २९८ अंशांच्या खाली त्याच्या अंगात दोन अवस्था एकत्र नांदू लागतात: थोडा हायड्रोजन प्यायलेली आणि खूप प्यायलेली. दोन्हींच्या आकारमानात दहा टक्क्यांच्या आसपास फरक असतो. एकाच पापुद्र्याचा एक भाग फुगलेला आणि शेजारचा आखडलेला. काही वेळा तापवून थंड केला की तो सुरकुततो, वाकतो, शेवटी तडकतो. म्हणून शुद्ध पॅलेडियमचा पापुद्रा थंड करायच्या आधी आतला सगळा हायड्रोजन दुसऱ्या निरुपद्रवी वायूनं धुऊन काढावा लागतो. एवढी काळजी घेऊनही त्याच्यावर किती विसंबायचं ही धास्ती उरतेच.

अशा वेळी आपल्याकडे म्हणतात, संगत बदला. पापुद्र्याला संगत मिळाली चांदीची. गंमत वाटावी अशी गोष्ट आहे, कारण चांदी स्वतः हायड्रोजनला जवळजवळ दारातही उभं करत नाही. पण चांदीचा अणू अंगानं थोडा मोठा. तो पॅलेडियमच्या रांगेत येऊन बसला की सगळी रांग जरा सैल होते. घर आधीच ऐसपैस झालेलं असल्यामुळे हायड्रोजन आला तरी भिंतींना ताण कमी बसतो, आणि दोन अवस्थांचं भांडण खालच्या तापमानाला सरकतं. शंभरात तेवीस भाग चांदी घातली की ३५० अंशांना हायड्रोजनचा ओघ शुद्ध पॅलेडियमच्या दीडपटीहून जास्त होतो. चांदी त्याहून वाढवत नेली की ओघ पुन्हा घटतो. जालन्याच्या एमआयडीसीत भट्टीपुढे उभं राहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. सळईत काय किती पडलं यावर ती वाकेल की मोडेल हे ठरतं, ते त्याच्या रोजच्या हातचं असतं. मिश्रधातूत मात्रा हाच स्वभाव.

दुसरी संगत तांब्याची. तिचं कारण आहे पापुद्र्याचा शत्रू, गंधक. कारखान्याच्या वस्तीत वाढलेल्या कुणालाही गंधकाची ओळख करून द्यावी लागत नाही. रस पांढरा व्हावा म्हणून आपल्याकडच्या बहुतेक कारखान्यांत गंधक जाळून त्याचा धूर रसात सोडतात. डिस्टिलरीच्या सांडपाण्यातून निघणाऱ्या बायोगॅसला सडक्या अंड्यासारखा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा, म्हणजे पुन्हा गंधकाचाच. साखरेला उजळवणारा हा गंधक पापुद्र्याच्या पृष्ठभागावर चिकटून बसतो. हायड्रोजनची जोडी जिथे टेकायची ती जागाच तो अडवतो, आणि पुढे पॅलेडियम सल्फाइडचा थर धरतो. मग आतली घरं रिकामी असूनही दारातून कुणी येऊ शकत नाही. साठ भाग पॅलेडियम आणि चाळीस भाग तांबं, असा वजनी जोड गंधकापुढे शुद्ध पॅलेडियमपेक्षा बराच टिकाव धरतो. मात्र या जोडात मात्रा फारच नाजूक आहे. ठरावीक मात्रेत अणूंची मांडणी बदलते, वाट सोपी होते. त्या मात्रेच्या थोडं इकडे-तिकडे झालं की ओघ झपाट्यानं पडतो.

आणि इथे माझं काम सुरू होतं.

पॅलेडियम महाग आहे. काही वर्षं तर ते सोन्याला मागे टाकून पुढे गेलं होतं. गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये ते धूर स्वच्छ करायला वापरतात, म्हणून सायलेन्सर चोरीला जाऊ लागल्याच्या बातम्या आपल्याकडच्या पेपरांतही आल्या. अशा धातूत चांदी किती, तांबं किती, तिसरा एखादा धातू किती, हे एकेक जोड वितळवून, लाटून, तापवून पाहायचं म्हटलं तर आयुष्य आणि तिजोरी दोन्ही पुरणार नाहीत. म्हणून पापुद्रा भट्टीत जन्मायच्या आधी आम्ही त्याला संगणकात जन्माला घालतो.

संगणकातला पापुद्रा अगदी लहान असतो. मी बहुतेक वेळा ३२ अणूंपासून सुरुवात करते. ३२ पॅलेडियम, मधल्या एका पोकळीत एक हायड्रोजन. प्रत्येक पॅलेडियमचे बाहेरचे दहा इलेक्ट्रॉन हिशेबात धरले तर एकूण इलेक्ट्रॉन ३२१. हे सगळे एकमेकांना ढकलतात, अणुकेंद्रांकडे ओढले जातात, आणि एकाची जागा हलली की बाकीच्या ३२० जणांवर परिणाम होतो. प्रत्येकाचा माग स्वतंत्र काढायचा तर कुठलाच संगणक पुरणार नाही. यातून वाट काढली वॉल्टर कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९६४ आणि १९६५ साली. एकेक इलेक्ट्रॉन मोजू नका, त्यांचा सगळा मिळून ढग कुठे दाट आणि कुठे विरळ आहे तेवढं पाहा; पदार्थाची स्थिर अवस्थेतली ऊर्जा त्या दाटीवरूनच ठरते. या कामासाठी कोन यांना १९९८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

जॉब लावला की पडद्यावर एकेक ओळ उमटू लागते. संगणक आधी ढगाचा एक अंदाज धरतो. त्यावरून बल काढतो, त्या बलावरून नवा ढग काढतो, आणि जुना ढग नव्याशी ताडून पाहतो. फरक असेल तर पुन्हा. पहिल्या काही ओळींत ऊर्जेचा आकडा उड्या मारतो. मग उड्या लहान होतात. दशांशानंतरचा पहिला आकडा ठरतो, दुसरा, तिसरा, चौथा. कन्व्हर्ज झालं की शेवटची ओळ थांबते. त्या थांबण्यात मला दर वेळी समाधान वाटतं. ३२१ जणांचं एका गोष्टीवर एकमत झालेलं असतं.

ही झाली पोकळीतल्या हायड्रोजनची ऊर्जा. आता तो पुढच्या पोकळीत जाईल कसा? दोन पोकळ्यांच्या मधे खिंड आहे, आणि खिंडीची उंची शोधायची आहे. त्यासाठी आम्ही एक माळ ओवतो. या पोकळीपासून त्या पोकळीपर्यंत हायड्रोजनची सात-आठ चित्रं, रबरी दोरीत ओवलेल्या मण्यांसारखी. प्रत्येक मणी आपल्या उतारावरून घसरू पाहतो. शेजारचे मणी त्याला दोरीनं धरून ठेवतात. हळूहळू सगळी माळ डोंगरातल्या सगळ्यात सोप्या वाटेवर जाऊन बसते. तिच्यातला सगळ्यात उंच मणी म्हणजे खिंड. शुद्ध पॅलेडियममध्ये ती पाव इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास भरते. हायड्रोजन इतका हलका की थंडीतही तो जागेवर गप्प बसत नाही, सतत कापत असतो. त्या कंपनाचा हिशेब वेगळा धरावा लागतो, नाही तर खिंडीची उंची चुकते.

मग ३२ पैकी ७ अणू चांदीचे करायचे, म्हणजे जवळपास बावीस टक्के. आता कुठली पोकळी कुठल्या शेजाऱ्यांच्या मधे आहे यावर तिची ऊर्जा ठरते. सहाही पॅलेडियम, पाच पॅलेडियम एक चांदी, चार-दोन, तीन-तीन. प्रत्येक पोकळीचा शेजार वेगळा, म्हणून प्रत्येक खिंडीची उंची वेगळी. गावात घराघराचा उंबरठा वेगळा असतो तसं. या सगळ्या उंबरठ्यांची यादी तयार झाली की मोठ्या धातूच्या तुकड्यात लाखो हायड्रोजन सोडायचे आणि फासे टाकायचे. उंबरठा कमी असेल तिकडे जायचं दान जास्त वेळा पडतं, उंच असेल तिकडे कमी. या पद्धतीचं नावच माँटे कार्लो आहे, जुगारासाठी प्रसिद्ध असलेल्या गावावरून. लाखो दानं पडली की गर्दीचा ओघ दिसू लागतो: या मिश्रधातूतून, या तापमानाला, या दाबाला, इतका हायड्रोजन पलीकडे येईल.

असं सांगितलेलं भाकीत खरं ठरतं का? २००५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रीती कमाकोटी, डेव्हिड शोल आणि त्यांच्या अमेरिकेतल्या सहकाऱ्यांनी पॅलेडियम-तांब्याच्या पापुद्र्यांचा असा हिशेब मांडला. प्रयोगशाळेत मोजलेला ओघ आणि केवळ इलेक्ट्रॉनांच्या हिशेबातून निघालेला ओघ त्यांनी शेजारी-शेजारी ठेवला, आणि तांब्याची मात्रा बदलताना ओघ कुठे चढतो, कुठे पडतो हे हिशेबानं ओळखलं होतं. तो लेख मी पहिल्यांदा वाचला तेव्हा रात्री उशिरापर्यंत त्यातल्या आलेखांकडे पाहत बसले होते. भट्टीत न गेलेल्या धातूचा स्वभाव कुणी कागदावर सांगू शकतो, हे तोवर मला पुस्तकातलं वाक्य वाटत होतं.

आपल्याकडे हे करायची ताकद आहे. १९९१ साली पुण्यात सी-डॅकनं विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली परम ८००० उभा केला. २०१९ साली पुण्याच्याच आयसरमध्ये परम ब्रह्म आला. असे हिशेब अशाच यंत्रांवर चालतात.

या हिशेबांनी मला पापुद्र्याचं मन सगळ्यात स्पष्ट दाखवलं ते त्याच्या भाऊबंदांशी तुलना केली तेव्हा. व्हॅनेडियम, नायोबियम, टँटलम हे धातू हायड्रोजनला पॅलेडियमपेक्षा कितीतरी जास्त जीव लावतात. आत घेतात, भरभरून घेतात, आणि इतके घट्ट धरतात की शेवटी त्यांचं अंगच ठिसूळ होऊन तडकतं. तांबं आणि चांदी यांना हायड्रोजन नकोच असतो. आत घ्यायलाच त्यांना ऊर्जा द्यावी लागते. पॅलेडियम मधे उभं आहे. त्याच्या आत हायड्रोजनला थोडंसंच सुख आहे. आत यावंसं वाटावं एवढं, आणि निघून जाता यावं एवढंच. ऊर्जेच्या आकड्यांत पाहिलं तर हे अंतर फार लहान आहे. पण चाळणी होणं आणि नुसता पत्रा राहणं यातला फरक तेवढ्याच अंतरात आहे. ते अंतर चांदीनं, तांब्यानं, आणखी कशानं किती हलतं, हे शोधणं म्हणजेच माझं सगळं काम.

हिशेबाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. माझा संगणकातला पापुद्रा निर्दोष असतो. त्यात कणांच्या सीमा नसतात, लाटताना पडलेला ओरखडा नसतो, नळीला जोडताना सुटलेली फट नसते. प्रत्यक्षात आता सिरॅमिकच्या किंवा सच्छिद्र स्टीलच्या नळीवर काही मायक्रॉनचाच थर देतात, कारण जाडी कमी तेवढा ओघ जास्त आणि धातू कमी लागतो. पण थर जितका पातळ तितकी सुईच्या टोकाएवढं भोक पडायची भीती मोठी. त्या एका भोकातून सगळे निमूट पलीकडे जातात आणि हजारो थरांचं दारं धरणं वाया जातं. तिथे संगणक थांबतो आणि कारागिराचा हात सुरू होतो. दोघांपैकी एकाला वगळून हा पापुद्रा उभा राहत नाही.

एवढ्या काटेकोर हायड्रोजनची गरज कुणाला? चिपा बनवणाऱ्या कारखान्यांना ती कधीपासून आहे. आता गाड्यांनाही आहे. फ्युएल सेलवर चालणाऱ्या वाहनासाठीच्या हायड्रोजनात कार्बन मोनॉक्साइड कोटीत दोन रेणूंपेक्षा जास्त चालत नाही आणि गंधक अब्जात चारपेक्षा जास्त चालत नाही, असं आंतरराष्ट्रीय मानक आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि केपीआयटी यांनी मिळून घडवलेली हायड्रोजनची बस दाखवली गेली. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारनं १९,७४४ कोटी रुपयांचं राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन मंजूर केलं.

आणि हायड्रोजन नुसत्या पाण्यातून निघतो असं नाही. तो आमच्या बगॅसमध्येही आहे. शंभर टन ऊस गाळला की तीस टनांच्या जवळपास ओला बगॅस निघतो. आज तो बॉयलरमध्ये जळतो, त्यातून वाफ आणि वीज होते. पण वाफेसोबत त्याचं वायूत रूपांतर केलं तर हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड, कार्बन डायऑक्साइड, मिथेन असं मिश्रण मिळतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं शेतातल्या काडीकचऱ्यापासून जिवाणूंकरवी हायड्रोजन काढायची पद्धतही विकसित केली आहे. कुठल्याही वाटेनं काढा, तो एकटा येत नाही. सोबत इतर वायू आणि गंधकाचा अंश घेऊनच येतो. त्या गर्दीतून त्याला वेगळं काढायला दारावर कुणीतरी लागतं. अंकुशनगरच्या बगॅसच्या ढिगापुढे उभी राहिले की मला दर वेळी माझा तो तांदळाएवढ्या वजनाचा पापुद्रा आठवतो. दोघांची भेट अजून झालेली नाही. ती व्हावी असं मला मनापासून वाटतं.

मागच्या हंगामात घरी गेले होते. आण्णा आता निवृत्त आहेत, दीड एकर ऊस आहे. त्यांची नोकरीची वर्षं पॅनवर गेली. पॅनमधला पाक काचपट्टीवर थेंबभर घ्यायचा, दिव्यासमोर धरायचा आणि दाणा धरलाय का ते पाहायचं. त्या थेंबात साखरेचे बारीक, कोनदार, चकचकीत स्फटिक दिसत. लहानपणी एकदा त्यांनी मला ती काचपट्टी डोळ्यासमोर धरून दाखवली होती. स्फटिक नावाची गोष्ट मी पहिल्यांदा तिथे पाहिली.

म्हणून मी त्यांना मोबाइलवर माझा स्फटिक दाखवला. पॅलेडियमचे निळे गोळे, चांदीचे पांढरे, आणि मधून उड्या मारत जाणारा एक लाल ठिपका. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं.

“हा आत जातो, ते दिसलं,” ते म्हणाले. “पण माय, हे त्याला सोडतं का? घेणारे पुष्कळ असतात.”

बत्तीस अणू, ३२१ इलेक्ट्रॉन, सगळ्या खिंडींची यादी, सगळे फासे याच एका प्रश्नासाठी आहेत हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि मोबाइल परत दिला. अकरा वाजले होते. आवर्तन सुटलं होतं आणि आमची पाळी आली होती. खोरं खांद्यावर टाकून ते निघाले, मागोमाग बॅटरी घेऊन मी.

पाटाचं पाणी अंधारात आवाज करत येत होतं. एक सरी काठोकाठ आली तसं आण्णांनी तिचं तोंड दोन खोरी मातीनं बुजवलं, आणि शेजारच्या सरीचं तोंड फोडलं. मी तिथे उजेड धरला. पाणी क्षणभर थबकलं, मातीच्या कडेला फुगलं, मग वळलं आणि आत शिरलं.